लांब पल्ल्याच्या तोफा
आलेखवहीचा चौकटींचा कागद दिसला की मला घाटकोपरच्या चाळीतली ती दुपार आठवते. क्षयाने अंथरुणाला खिळलेला माझा दादा आणि मी तसल्या कागदावर शिडाची जहाजं काढून लढाई खेळायचो. आधी तोफा निवडायच्या. जड तोफा जवळूनच मारत, हलक्या लांबवर. दादा नेहमी जड घेऊन थेट माझ्या जहाजाला भिडायचा. त्या दुपारी त्याने सगळ्या हलक्या घेतल्या. "घाबरलास काय रे दादा?" मी चिडवलं. त्याला खोकल्याची उबळ आली आणि तोंडावरच्या टॉवेलवर रक्त उमटलं. "आता लांबूनच खेळायचं गं," तो म्हणाला. मी उठून दाराशी जाऊन बसले. आठवड्याभरात तो गेला. त्याने सांगितलं म्हणून मी उठले, की रक्त पाहून, हे आज पन्नाशीतही मला स्वतःशी खरं सांगता येत नाही.