वाढा आणि वाढवा

हुपरीहून कोल्हापूरला येताना एसटीत मी एकच वाक्य घोकत होते: "काका, आता पगार वाढवा."

काका म्हणजे आमचे मालक. त्यांचा लग्नपत्रिका छापायचा लहानसा प्रेस होता आणि तिथल्या कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवायचं काम माझं. पाच वर्षांत माझ्या हातून एकाही नवरदेवाचं आडनाव चुकलं नव्हतं. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही. पगार मात्र कामाला लागले तेव्हाचाच, दिवाळीला वर एक साडी.

वाढ हवी होती ती आईसाठी. आई घरी बसून एका शेटकडून आलेल्या चांदीच्या पैंजणांना ज्योतीवर तापवून घुंगरं जोडते. वर्षानुवर्षं त्या ज्योतीपुढं मान घालून बसल्यानं तिच्या डोळ्यांतून सारखं पाणी येतं. तिची मजुरी माझ्या पगारात भरून निघाली, की तिला म्हणायचं, बास झालं, ऊठ आता. एवढंच मनात होतं.

अडचण अशी, की काका चांगले होते. वाईट मालकाशी निदान भांडता तरी येतं. उशीर झाला की ते स्वतः स्कूटरवरून मला स्टँडवर सोडायचे. माझे वडील गेले तेव्हा दिवसभर आमच्या दारात बसून होते. अशा माणसापुढं पैशाचं कसं काढायचं? मला त्यांच्या चांगुलपणाचाच राग यायला लागला होता.

दुपारी आम्ही एकत्र जेवायचो. काकूंचा डबा मोठा असायचा आणि काका स्वतःच्या हातानं सगळ्यांना वाढायचे. त्या दिवशी मशीनवरचे मामा काम सोडून उठले नाहीत, म्हणून पानावर आम्ही दोघंच होतो. मी धीर केला, पण 'पगार' हा शब्द ओठांवर आलाच नाही.

"काका, जरा वाढवाल का?" एवढंच निघालं.

मशीनच्या खडखडाटात त्यांना 'वाढाल का' ऐकू गेलं. त्यांनी पळीभर अख्खा मसूर माझ्या ताटात घातला आणि लाजायचं नाही, मागून घ्यायचं, असं वर बजावलं. मी तो मुकाट्यानं खाल्ला. पाच वर्षं हेच तर करत आले होते. त्यांनी पुन्हा पळी उचलली तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

"काका, मसूर न्हाय. पगार वाढवा म्हणत होतो मी."

आमच्याकडं मुलीही 'होतो'च म्हणतात. पुढं किती हवा, का हवा, कुठली कामं माझ्या अंगावर आलीत, ते सगळं एका दमात सांगून टाकलं. आईच्या डोळ्यांचं मुद्दाम बोलले नाही. मला कामाचे पैसे हवे होते, कीव नको होती.

काकांनी पळी खाली ठेवली.

"तुला घरचीच समजत आलो," ते म्हणाले. "घरच्या माणसाला काय पगार वाढवायचा, असं डोक्यात बसलं बघ. चुकलं माझं."

पुढच्या महिन्यापासून मागितला तेवढा द्यायचं त्यांनी कबूल केलं. वाढीपेक्षा त्यांच्या त्या 'चुकलं'नं मला जास्त भरून आलं.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आई अजून कामालाच बसलेली होती. मी सगळं सांगितलं आणि म्हणाले, आता हे बंद करायचं. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर देवापुढं साखर ठेवेल. तिनं पदरानं डोळे टिपले, ज्योत विझवली आणि विचारलं, "त्येस्नी नेमकं काय म्हणालीस तू?"

मसुरासकट पुन्हा सांगितलं. ती हसली.

"डोळ्याला चष्मा घालीन की," ती म्हणाली. "काम न्हाय सोडायचं मला. आमच्या शेटचा दर किती वर्सं त्योच हाय. मला बी मागायचं हाय. कसं मागायचं, त्येवढं शिकीव."

मी तिला कामावरून उठवायला निघाले होते. तिला काय हवंय, हे एकदाही विचारलं नव्हतं. लाज वाटली मला. मी तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, समज मी शेट आहे, बोल. तिनं पदर सावरला, घसा साफ केला आणि स्वतःच्या लेकीपुढंही इतक्या हळू बोलली, की मला कान जवळ न्यावा लागला.