एकाच हिरव्या रंगाची सहा मॉडेल्स

चौथ्या टेबलावर आल्यावर माझ्या लक्षात आलं, की रंग तोच आहे. हिरवा ऑइलपेंट, त्याखाली मण्यांसारखं जाड वेल्डिंग. पुढे तशीच आणखी दोन मॉडेल्स निघाली. गावं वेगळी, शाळा वेगळ्या, हात एकच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जुन्नरमध्ये तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. मी विज्ञान शिक्षक आणि परीक्षक. माझ्याबरोबर थोरात सर होते. आमच्या हातात गुणांचं परीक्षणपत्रक असे. त्यात नावीन्याचे गुण सर्वांत जास्त. नावीन्य कसं मोजायचं, ते मात्र पत्रकात लिहिलेलं नसे. खाली एक अट होती : उपकरण विद्यार्थ्याने स्वतः बनवलेलं असावं. पहिले दोन नंबर जिल्ह्याला जाणार होते.

सहावं टेबल नववीतल्या सुनीताचं होतं. मेंढपाळाच्या घरची मुलगी. तिच्या शाळेतून आजवर कोणी जिल्ह्याला गेलं नव्हतं. तिचं उपकरण मेंढ्या मोजायचं. लोखंडी चौकट, त्यात पत्र्याची लोंबती फळी. मेंढी फळीला ढकलून गेली की एका कॅल्क्युलेटरचं 'बरोबर'चं बटण दाबलं जाई. आधी शून्य अधिक एक दाबून ठेवायचं. मग दर वेळी आकडा एकाने वाढतो.

"स्वतः बनवलंस?" थोरात सरांनी विचारलं.

"नाय सर. चौकट आळेफाट्याच्या गॅरेजात वेल्डिंग करून घेतली. वायरी मी जोडल्यात."

थोरात सरांनी पेन उचललं. "बाद."

मी त्यांना बाजूला नेलं. "मग बाकीचे पाच?"

"त्यांनी स्वतः केल्याचं लिहून दिलंय."

"पाच शाळांत एकाच हाताचं वेल्डिंग?"

"नियम नियम असतो, राव. खरं बोलली म्हणून काय सोडायचं?"

"सोडू नका. कारागिरीत सहाही जणांना शून्य द्या. बाकीचे गुण एका प्रश्नावर ठरवू."

ते कुरकुरले, पण आले. प्रश्न साधा होता : हे पहिल्यांदा कुठं बिघडलं?

"बिघडलंच नाय सर," पहिला म्हणाला. दुसरा म्हणाला, "लई भारी चालतंय." तिसऱ्याने आपल्या सरांकडे पाहिलं. उरलेले दोघे मान हलवत राहिले.

सुनीताने बोटं मोजली. "पयल्यांदा फळी उंच व्हती, कोकरं खालून गेली. मंग फळी झुलून दोनदा मोजाय लागली, तवा ट्यूबचं रबर लावलं. तिसऱ्यांदा पत्र्याच्या आवाजाला मेंढरं बुजली. म्हणून गोणपाट गुंडाळलं. गॅरेजवाला भाऊ म्हणला, आता परत आलीस तर चहा तूच पाज."

थोरात सरांना प्रात्यक्षिक हवं होतं. मेंढ्या नव्हत्या. त्यांनी प्राथमिकची दहा पोरं आणून रांगायला लावली. पोरं बें बें करत निघाली. आकडा आला अकरा.

"चुकलं!" थोरात सर खूश झाले.

"ते लाल स्वेटरवालं मागं फिरून आलं सर."

"मेंढी मागं फिरली तर?"

"एक पुढं गेली की बाकीची गप मागनं जात्यात. मागं पोरंच फिरत्यात."

हॉल हसला. थोरात सरही हसले, आणि नावीन्याच्या रकान्यात त्यांनी माझ्याहून दोन गुण जास्त दिले.

कारागिरीत शून्य असूनही सुनीताचा दुसरा नंबर आला. पहिला आला तो हिरव्या रंगाबाहेरचा, कागदी नळ्यांचा पूल. जिल्ह्याला तिला बक्षीस मिळालं नाही. शेरा होता, 'वायरिंग उघडे.' शेरा बरोबर होता. परत आल्यावर तिने वायरी सायकलच्या ट्यूबमध्ये घातल्या आणि उपकरण वडिलांच्या मेंढ्यांच्या वाड्यावर बसवलं.

पुढची अनेक वर्षं मी परीक्षक होतो आणि तोच प्रश्न विचारत राहिलो. बिघाड सांगता येत नसेल, तर मुलाने ती वस्तू बनवलेली नसते. निदान चालवलेली तरी नसते.