‘येतो’च्या जागी ‘जातो’

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. परळीत माझं डीटीपीचं दुकान आहे – लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, वाढदिवसाचे फ्लेक्स. दुकानाला लिंबू-मिरची बांधत नाही. अमावस्येला शटर उघडं ठेवतो. आणि इथे ग्रुपवर कुणी पांढऱ्या साडीतली बाई दिसल्याचं लिहिलं की खाली शुद्धलेखनाच्या चुका काढणारा तो आगाऊ माणूस मीच. कुणाचं मन दुखावलं असेल तर माफ करा. आज लिहायची पाळी माझ्यावर आली आहे.

‘बसा की’ नावाचा माझा एक ब्लॉग आहे. जिल्ह्यातल्या साध्यासुध्या माणसांच्या घरी जायचं, गप्पा मारायच्या, एक फोटो काढायचा आणि त्या माणसावर लिहायचं. आमच्याकडे कुणाच्याही दारात गेलं की आतून आधी ‘बसा की’ येतं, म्हणून ते नाव. आणि प्रत्येक लेखाचा शेवट एकाच शब्दाने – ‘येतो.’ म्हणजे मी त्यांच्या घरून निघालो.

हा शब्द माझ्या आत्याचा. माझी आई लहानपणीच गेली, वाढवलं ते शांताआत्याने, लिंबागणेशला. एकदा वडील मला परळीला न्यायला आले आणि मी घाईघाईत म्हणालो, “जातो गं आत्या.” ती भांडी टाकून धावत आली, मला फाटकातून परत आत आणलं, पाटावर बसवलं, हातावर गूळ ठेवला, पाणी पाजलं. “जातो म्हनू न्हाई बाळू. जातो म्हननारा परत येत न्हाई. येतो म्हन.” मी म्हणालो, “येतो.” मग ती म्हणाली, “ये.” हे दोन्ही झाल्याशिवाय ती मला उंबऱ्याबाहेर सोडायची नाही. बाहेर वडिलांची बस सुटायची वेळ झालेली असायची, पण तिला त्याचं काही नसायचं.

तर ब्लॉग. मधली काही वर्षं तो तसाच पडून होता. फोटो उडालेले, मोबाइलवर अक्षरं एकमेकांवर चढलेली, लेबलांचा नुसता खिचडा. यंदा पावसाळ्यात धंदा थंड होता, म्हटलं नीट करू. माझा मित्र इरफान मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो, त्याने नवीन टेम्प्लेट बसवून दिलं. मी रोज दुपारी कीबोर्डवरचं फडकं काढायचं (आमच्या गावात झाकलं नाही तर औष्णिक केंद्राची राख बसते), एकेक जुना लेख उघडायचा आणि मुद्रितं तपासल्यासारखा तपासायचा.

दिंद्रुडच्या मारुतीमामांच्या लेखाच्या शेवटी मला ‘जातो.’ दिसलं.

मामा मोटार वाइंडिंग करायचे. पंचक्रोशीतल्या जळालेल्या मोटारी त्यांच्याकडे. लेख माझ्या आवडीचा, आणि शेवटी असली चूक! मला स्वतःचाच राग आला. मी लोकांच्या पत्रिकेतला ऱ्हस्व-दीर्घ सोडत नाही आणि इथं आख्खा शब्द उलटा? दुरुस्त केला, सेव्ह केला, उघडून पाहिला. ‘येतो.’ झालं.

दोन-चार दिवसांनी फोटो बदलायला तोच लेख उघडला तर पुन्हा ‘जातो.’

इरफानला फोन केला. तो म्हणाला, “कॅशे हाय बे ती. जुनं पान दाखवतंय. मशीनवर कावून डाफरतो?” मला पटलं. पटवून घेतलं म्हणा.

त्याच आठवड्यात दुकानात एक जण आला. श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायचा होता. मी सवयीने विचारलं, “फोटो आणलाय का?” तर म्हणाला, “तुमच्याकडंच हाय की. तुमी नेटवर टाकलेला. दादांचा तेवढा एकच चांगला फोटो हाय.” मारुतीमामांचा मुलगा होता तो. मामांना काही आजार नव्हता. जेवून उठले आणि गेले.

मी माझ्याच ब्लॉगवरचा फोटो उतरवून घेतला, त्याच्याभोवती झेंडूची चौकट टाकली आणि खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाइप केलं. पण म्हटलं, योगायोग. वय झालेलंच होतं.

त्यानंतर टेम्प्लेटचं काम मी घाईघाईत उरकायला लागलो. नवा लेख उघडला की आधी शेवटची ओळ बघायची, मग बाकीचं. बरेच लेख ठीक निघाले. मन निवांत झालं. आणि मग रशीदचाचांचा लेख उघडला.

रशीदचाचा म्हणजे इरफानचे सख्खे चुलते. धारूरच्या रस्त्यावर सीताफळांची हातगाडी लावायचे. फळ हातात घेतलं की कधी पिकेल ते सांगायचे – “ये कल, वो परसों” – आणि गिऱ्हाईकाने दाबून बघितलं की खवळायचे. त्यांच्या लेखाखाली ‘जातो.’

मी लॅपटॉप तसाच उचलून इरफानच्या दुकानात नेला. त्याच्यासमोर दुरुस्त केलं, त्याच्यासमोर पान पुन्हा उघडलं. ‘जातो.’ इरफान हसला. “अबे, तुझा पासवर्ड कुणालातरी गावलाय. कुनीतरी मस्ती करतंय.” पासवर्ड बदलला. शेवटचा बदल कधी झाला ते पाहिलं तर माझ्याच हातच्या दुरुस्तीची नोंद, त्यानंतर काही नाही. मग त्याने हसत हसतच चाचांना फोन लावला, स्पीकरवर टाकला. चाचा ठणठणीत. मागे ट्रकचे हॉर्न वाजत होते. “क्या हुआ रे? सीताफळ होना क्या?” इरफानने फोन ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मलाच लाज वाटली.

चाचा दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. हातगाडीपाशीच, स्टुलावर बसल्या बसल्या.

दफन झाल्यावर काही दिवसांनी इरफान दुकानात आला. खुर्ची ओढून बसला. मग म्हणाला, “शेजारच्या गाडीवाल्यानं सांगितलं. चाचा त्याला म्हनले, ‘जातूं बेटा.’ त्याला वाटलं नमाजला निघाले. चाचा जनमभर ‘आतूं’ म्हनायचे, बे. घरात कुनी ‘जातूं’ म्हनलं तर शिव्या घालायचे.” त्याचे डोळे लाल झाले होते. “तो ब्लॉग बंद कर. आत्ता. माझ्यासमोर.”

मला राग आला नाही. मलाही तेच हवं होतं, फक्त कुणीतरी म्हणायला पाहिजे होतं. ठरलं – एकदम डिलीट नको, माणसांचे फोटो आहेत, आधी एकेक लेख मागे घेऊ. मी यादीच्या तळापासून सुरुवात केली. पहिला लेख शांताआत्यावरचा. ब्लॉग सुरू केला तेव्हा सगळ्यात आधी तिच्यावरच लिहिलं होतं.

उघडला. शेवटी होतं – ‘जाते.’

नीट वाचा. ‘जातो’ नाही. ‘जाते’. मी पुरुष. माझ्या हातून ‘येतो’चं ‘जातो’ होईल, एक वेळ समजू शकतो. ‘जाते’ कसं होईल? तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. तो शेवटचा शब्द माझा राहिलाच नव्हता. मारुतीमामांच्या लेखातही नाही, चाचांच्या लेखातही नाही. तिथे ती माणसंच बोलत होती. दोघंही पुरुष, म्हणून मला कळलं नव्हतं.

मी दुरुस्त केलं. ‘जाते.’ पुन्हा केलं. ‘जाते.’ इरफानने माझा हात कीबोर्डवरून बाजूला केला आणि म्हणाला, “फोन लाव.”

आत्याने फोन उचलायला वेळ लावला. उचलला तेव्हा नेहमीसारखीच ओरडून बोलली, “काय रे बाळू? मी वाती वळायलेय.” मी म्हणालो, आत्या, आज घराबाहेर पडू नको, मी येतोय. “कावून? काय झालं?” म्हणाली. मी फोन ठेवून दिला.

इरफानच्या गाडीवर निघालो. तेलगाव, वडवणी, बीड, मांजरसुंबा... मी मनात एकच गोष्ट घोकत होतो, की तिला काही होऊ नये. आईचा चेहरा मला आठवत नाही. आई म्हटलं की हिचाच चेहरा येतो.

पोचलो तेव्हा ती ओसरीवर उभी. डोईवर पदर, हातात दूर्वांची पिशवी. “बसा की,” म्हणाली. “इरफान, तू बी बस बाबा, लई वाळलास. च्या ठिवते. चतुर्थी हाय, तुमी च्या प्या तवर मी गनपतीला जाऊन येते.”

मी पिशवी तिच्या हातातून काढून घेतली. म्हणालो, आज नको. ती चिडली. वर्षानुवर्षं एक चतुर्थी चुकवली नव्हती तिने. मी हट्ट सोडला नाही, अक्षरशः लहान मुलासारखा पदर धरून बसलो. शेवटी ती हसली. “बरं, न्हाई जात. गनपती काय पळून चाललाय का?” मला इतकं हायसं वाटलं की मी चहा दोनदा मागितला. बाहेर गेली नाही, रस्ता ओलांडायचा नाही, काही नाही. वाचली, असं मला वाटलं. खरंच वाटलं.

ऊन उतरायला लागलं होतं. उपास होता, म्हणून ती जरा वेळ ओसरीवरच घोंगडीवर आडवी झाली. मी उशाशी बसलो होतो. इरफान पायरीवर. ती डोळे मिटूनच म्हणाली,

“जाते रे बाळू.”

अगदी साधं. बाजाराला निघाल्यासारखं. जी बाई आयुष्यात हा शब्द बोलली नाही, ती.

मी तिचे खांदे धरले. “येते म्हण! आत्या, येते म्हण!” मी ओरडत होतो, इरफान उठून उभा राहिला होता. तिने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, आणि मला आजही शपथेवर सांगता येईल, की ती हसली. “आता तू शिकीव मला,” म्हणाली. “बरं बाबा. येते.”

मी रडत होतो, आनंदाने. जिंकलो असं वाटत होतं. डोळे पुसून तिच्याकडे बघेपर्यंत इरफान तिचा हात हातात घेऊन बसला होता, आणि नकारार्थी मान हलवत होता.

डॉक्टर हार्ट म्हणाले. वय झालेलं होतं म्हणाले. मी वाद घातला नाही.

दहावा झाल्यावर परळीला आलो. ब्लॉग बंदच करायचा म्हणून बसलो. आत्याचा लेख उघडला, आणि शेवटी होतं – ‘येते.’

मी लिहिलेलं नाही. लॅपटॉप इतके दिवस कपाटात होता. इरफानला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, “त्या दिवशी ती ‘येते’ म्हनली. तू ‘ये’ म्हनलास का?”

नव्हतो म्हणालो. रडण्याच्या भरात राहून गेलं होतं.

“मग म्हनू नको. हात जोडतो तुला. ये म्हनू नको.”

मी कबूल केलं. पण लेख मागे घ्यायला मन होईना. रोज दुपारी जेवायला घरी गेलो की लॅपटॉप उघडायचो, ते पान काढायचो, त्या शब्दाकडे बघत बसायचो. ‘ये’ ओठांवर यायचं आणि मी दात दाबून धरायचो. एका बाजूला भीती, आणि दुसऱ्या बाजूला ती उंबऱ्याबाहेर ताटकळत उभी आहे असं सारखं वाटायचं. जिने मला कधी असं उभं केलं नाही, ती.

बायकोला मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. एके दुपारी ती माझ्यामागे चहा घेऊन आली. स्क्रीनवर आत्याचा फोटो, खाली तो शब्द. आत्या तिची लाडकी सासू होती. तिचे डोळे भरून आले आणि सवयीने, दारातल्या माणसाला म्हणावं तसं, ती म्हणाली –

“या.”

मी मागे वळून तिच्याकडे पाहिलं. बहुतेक माझा चेहरा बघून ती घाबरली. पुन्हा स्क्रीनकडे वळलो. मी कशालाही हात लावला नव्हता. लेखाच्या शेवटी आता वेगळा शब्द होता.

‘आले.’

बायकोनेही तो वाचला. मग मी तिला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही, रडली नाही. उठली, तांब्या घासून पाण्याने भरला आणि दाराच्या आत ठेवला. बाहेरून आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, एवढंच म्हणाली.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. इरफानकडेही नाही, तो आता आमच्या घरी येत नाही, दुकानात भेटतो. ब्लॉगवर मी नवीन कुणावर लिहीत नाही, आणि ‘माझ्याबद्दल’ नावाचं जे पान आहे ते उघडत नाही. त्याचाही शेवट मी ‘येतो’नेच केला होता. तांब्या मात्र आम्ही रोज संध्याकाळी भरून ठेवतो. सकाळी त्यात किती पाणी असतं ते मी बघत नाही. बायको बघते. ती मला सांगत नाही आणि मी विचारत नाही.