बाबाजानची पिवळी रेघ

तिसगावातून पाथर्डीकडं निघालं की डाव्या हाताला माझी पिठाची गिरणी लागते, आणि तिच्या बरोबर समोर बाबाजान मिस्त्रीचं गॅरेज. गॅरेज म्हणजे काय, तर चार पत्रे, एक कडुलिंबाचं झाड आणि माणूस उभा मावंल एवढा खड्डा. त्या खड्ड्यात बाबाजाननं चाळीस वर्षं काढली आणि मी ती समोर बसून बघितली. म्हणून हे सांगायचा हक्क माझ्याकडं येतो.

बाबाजानचं काम एकच. पेट्रोलच्या गाडीचं इंजिन काढायचं आणि त्या जागी डिझेलचं बसवायचं. आता हे सांगितलं तर कॉलेजची पोरं हसतात. पण एक काळ असा हुता की ह्या भागातल्या निम्म्या, शिटा भरून चालणाऱ्या वडापच्या जीपा बाबाजानच्या हातच्या हुत्या. लिलावातली पेट्रोल जीप आणून त्याच्या दारात टाकायची आणि महिन्याभरानं डिझेलची करून न्यायची. मग तिच्यात वीस माणसं, सहा कोंबड्या आणि एखादं शेरडू कोंबून घाट चढवायचा. धुरानं मागचा मुलूख काळा व्हायचा, पण गाडी चढायची.

त्याच्या कामाची खूण म्हणजे पिवळी रेघ. बोल्ट पक्का आवळून झाला की बोल्टाच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत पिवळ्या ऑइलपेंटची एक बारीक रेघ मारायची. बोल्ट ढिला झाला किंवा कुणी मागून हात घातला, तर रेघ तुटते. गाडीखाली नुसतं वाकून बघितलं की कळतं. त्या रेघा मारायची त्याची बायको, खातून. दुपारी डबा घेऊन यायची, हा जेवायला बसला की पदर खोचून खड्ड्यात उतरायची. हातात शेरडाच्या केसांचा ब्रश.

"तुमचा हात पान्याचा," ती त्याला म्हणायची. "रेघेच्या नादी लागू नका."

तिची रेघ अशी यायची की दोरा धरून मारली म्हणावी. चालत्या जीपेखाली कुणी बघत न्हाई, तरी ती सरळच मारायची.

खातून गेली त्याला आता नऊ वर्षं झाली. तिच्यामागं बाबाजान रेघा स्वतः मारायला लागला. तवर त्याचा हात कापायला लागला हुता. रेघ बोल्टावरून निघायची आणि गोगलगाय चालल्यागत कुठंबी जायची. बोलायची कुणाची टाप नव्हती.

तसंबी बोलायला काम उरलं नव्हतं. डिझेलच्या गाड्या कारखान्यातूनच यायला लागल्या, मग बाबाजानकडं कोण येतंय? गॅरेज चालत हुतं ते शबनमवर. शबनम ही त्याची धाकटी. तिचा संसार दोन वर्षांत मोडला, ती माघारी आली आणि बापाशेजारी मोटारसायकली उघडून बसायला लागली. आधी गाव तिला बघायला यायचं, मग गाड्या घेऊन यायला लागलं. बाबाजान लिंबाखाली खाट टाकून बसायचा आणि सगळ्यांना सांगायचा, "ते दोन चाकाचं तिच्याकडं. चार चाकाचं असंल तर मला सांगा." चार चाकाचं वर्षानुवर्षं यायचं न्हाई.

थोरला फैयाज पुण्यात असतो. त्याचं एकच पालुपद, अब्बा, आता बास करा, जागा देऊन टाकू, माझ्याकडं येऊन रहा.

अशात दोन वर्षांमागं शिर्डीचा हाटेलवाला हर्षल आला. मागं टेम्पो, टेम्पोत दोरखंडानं बांधलेली एक गाडी. असली गाडी तिसगावनं बघितली नव्हती. पावाच्या लादीसारखा आकार, वरून पांढरी, खालून निळी, समोर दोन गोल डोळे. आत झोपायची फळी, एका बर्नरची शेगडी आणि भांडी घासायला थाळीएवढं बेसिन. पन्नासेक वर्षांमागं कुणी गोरं जोडपं त्यांच्या देशातून रस्त्यानं ह्या गाडीत बसून नगरपतोर आलेलं. जाताना ते विमानानं गेलं आणि गाडी हर्षलच्या आजाला, देवळाली प्रवऱ्याच्या आबासाहेबांना, देऊन गेलं. आबासाहेबांनी ती गोठ्यात उभी केली. बेसिनमध्ये कोंबड्या अंडी घालायच्या. पेट्रोलचं इंजिन गंजून जागच्या जागी धरलेलं. सुटे भाग मिळत न्हाईत.

"हाटेलाच्या पाहुण्यांना भंडारदऱ्याला फिरवायचंय," हर्षल म्हणाला. "डिझेलचं इंजिन टाकून द्या. सगळीकडं फिरलो, मागं इंजिन बघून लोक हात जोडतात. कागदपत्रांचं मी बघतो."

बाबाजान खाटेवरून उठला. गाडीभोवती एक फेरा मारला. मागचं झाकण उघडलं आणि लई वेळ आत बघत राहिला. चहावाला छगन पलीकडून वरडला, "मिस्त्री, पाव शिळा हाय, बघून घ्या!"

"शिळा हाय," बाबाजान म्हणाला, "पण चांगल्या भट्टीतला हाय." आणि हर्षलकडं वळून, "दोन महिने लागतील. मधी येऊन घाई करायची न्हाई."

त्या संध्याकाळी माझ्या गिरणीत बसून त्यानं फैयाजला फोन लावला. कानाला कमी ऐकू यायचं म्हणून आवाज मोठा, त्यामुळं मी ऐकलं. "ही गाडी चालली तर मी मिस्त्री. न्हाई चालली तर कुलूप मीच घालतो. मग जागा वीक न्हाईतर वांगी लाव."

दोन महिने माणूस वेगळाच झाला. सकाळी माझ्याआधी हजर, दाढी घोटलेली. अपघातात गेलेल्या एका छोट्या टेम्पोचं इंजिन त्यानं पारखून आणलं. टेम्पोच्या इंजिनाची भोकं आणि ह्या गिअरबॉक्सची भोकं जुळत न्हाईत, मधी लोखंडाचा पाट घालावा लागतो. त्यासाठी गिअरबॉक्सच्या तोंडाला काळं ग्रीस फासलं, त्याच्यावर पुठ्ठा दाबला, भोकांचा छाप उमटला. तो पुठ्ठा घेऊन शबनम नगरला लेथवाल्याकडं. जुनं इंजिन वाऱ्यावर थंड व्हायचं, नव्याला पाणी लागतं, म्हणून रेडिएटर पुढच्या नाकात बसवला आणि पोटाखालून पायपा मागं नेल्या. मी दिवसातून चार बारी गिरणी बंद करून बघायला जायचो. लोकांची दळणं खोळंबायची.

गिअरबॉक्सची बेअरिंगं वाजत हुती. ती बदलायची तर सगळं उघडावं लागणार. शबनम म्हणाली, "अब्बा, उघडायच्या आधी मोबाईलवर फोटू काढून ठिवू."

बाबाजाननं पाना खाली ठेवला. "फोटू? चाळीस वर्षं मी काय फोटू बघून बसवत हुतो?"

"तसं न्हाई अब्बा, ही गाडी येगळी हाय म्हणून."

"गाडी येगळी हाय, हात तेच हायेत ना?"

उघडून झाल्यावर बाप चहाला गेला, तवा तिनं गुपचूप एक फोटू काढून ठेवला. बेअरिंगं घालून गिअरबॉक्स परत बंद केला त्या दिवशी ती पाट आणायला नगरला गेलेली. बंद त्यानं एकट्यानंच केला.

चालवायचा दिवस ठरला तसं निम्मं गाव जमलं. हर्षल टॉवेल, टोपी, नारळ घेऊन आला. छगननं पुढच्या दोन्ही चाकांपुढं एकेक लिंबू ठेवलं. आमच्याकडं नवी गाडी लिंबं चिरडून निघते, मग मालक कुणी असो आणि मिस्त्री कुणी असो. बाबाजान सीटवर बसला. चावी फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. काय आवाज हुता! त्यानं खिडकीतून माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

पहिला गिअर टाकून त्यानं क्लच सोडला आणि गाडी मागं गेली.

हळू न्हाई, चांगली जोरात. छगनच्या दारातला पाण्याचा रांजण फोडून थांबली. चाकांपुढची लिंबं जिथल्या तिथं. लोकांना वाटलं, म्हाताऱ्यानं चुकून रिव्हर्स टाकला. बाबाजाननं दुसरा टाकला, गाडी मागंच. तिसरा टाकला, तरी मागंच. शेवटी रिव्हर्स टाकला, तवा गाडी पुढं आली.

"मिस्त्री," भिजलेल्या पायांनी छगन म्हणाला, "पाव्हण्यांना भंडारदऱ्याला पाठमोरंच न्यायचं का?"

सगळे हसले. मीबी हसलो, खोटं कशाला सांगू. रिव्हर्स गिअरवरच त्यानं गाडी हळूहळू पत्र्याखाली घेतली. जाता जाता लिंबं चिरडली. मग चावी काढून शबनमच्या हातात दिली आणि कुणाकडं न बघता घरी गेला.

काय झालं ते शबनमला तिथंच कळलेलं. गिअरबॉक्सच्या पोटात क्राऊन म्हणून एक ताटाएवढं दातेरी चाक असतं. ते जीपमध्ये ज्या अंगाला बसतं, त्याच्या उलट अंगाला ह्या गाडीत बसतं. बाबाजाननं ते जीपसारखं बसवलं. चाळीस वर्षं हातानं जे केलं, तेच हातानं केलं. डोक्याला विचारलंच न्हाई.

तो तीन दिवस भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. जेवण आणलं की उठून बसायचा, दोन घास खायचा, परत भिंत. फैयाजचा फोन घेतला न्हाई.

तिसऱ्या दिवशी शबनम गिरणीत आली. "काका, इंजिन उतरवायला साखळी धराल का? अब्बांना कळू द्यायचं न्हाई."

लिंबाच्या फांदीला साखळी टांगून आम्ही इंजिन उतरवलं. तिनं गिअरबॉक्स उघडला, मोबाईल एका हातात धरून क्राऊन फिरवला, बंद केला, सगळं हुतं तसं चढवलं. दिवस मावळतीला आला हुता. बाबाजाननं मारलेल्या रेघा सगळ्या तुटल्या हुत्या.

"रेघा मारून टाक," मी म्हणालो. "बिनरेघेचं बघितलं तर वळखंल. आणि नीट मार, पोरी."

तिनं जुन्या रेघा रॉकेलनं पुसल्या. आईचा ब्रश काढला. नीट मारल्या.

सकाळी तिनं बापाला सांगितलं, "अब्बा, कायबी नव्हतं. गिअरच्या दांडीचा जोड उलटा लागल्याला. तेवढा सरळ केला." तो उठून बसला. "दांडीचा?" म्हणाला. "व्हय," ती म्हणाली. त्यानं अंघोळ केली, दाढी केली आणि आला.

हर्षलला बोलावलं. छगननं नवा रांजण आत नेऊन ठेवला आणि चाकांपुढं नवी लिंबं मांडली. पहिल्या गिअरला गाडी पुढं गेली. देवराई गावापतोर जाऊन माघारी आली. मग हर्षलनं बाबाजानच्या डोक्याला टोपी घातली, खांद्यावर पांढराशुभ्र टॉवेल टाकला, नारळ दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. छगन म्हणाला, "मिस्त्री, रांजण गेला पण नाव राहिलं!" बाबाजान हसला. खातून गेल्यापासून त्याला असं हसताना मी बघितलं नव्हतं.

पण त्याची एक रीत हुती, चालवून आणलेल्या गाडीखाली जाऊन तेल गळतंय का बघायचं. टोपी-टॉवेल अंगावर तसाच ठेवून तो खड्ड्यात उतरला. "अब्बा, मी बघते," शबनम म्हणाली. तवर तो खाली हुता. टाळ्या वाजवणारी माणसं चहाकडं वळली. मी आणि शबनम खड्ड्याच्या काठाला उभे.

लई वेळ तो वर बघत राहिला. मग एका बोल्टाच्या रेघेवरून अंगठा फिरवला. रंग अजून ओला हुता. अंगठ्याला पिवळं लागलं. मग दुसऱ्या बोल्टाकडं बघितलं, मग तिसऱ्या. सगळ्या रेघा दोऱ्यानं आखल्यासारख्या.

वर आला. खांद्यावरच्या नव्या टॉवेलाला हात पुसले, ग्रीस आणि पिवळं दोन्ही. तो टॉवेल घडी करून शबनमच्या हातात दिला.

"तेल गळत न्हाई," म्हणाला.

बास. एवढंच. घरी गेला आणि त्या दिवसापासून गॅरेजात आला न्हाई.

गावाला वाटलं, मिस्त्री मानानं घरी बसला. बोलल्याप्रमाणं कुलूप त्यानं घातलं न्हाई आणि जागा विकली न्हाई. पण गाड्यांचं बोलणंच सोडलं. मी घरी जायचो, पावसापाण्याचं बोलायचो. एकदा मुद्दाम विचारलं, "मिस्त्री, गिरणीची मोटार आवाज करती वो, बेअरिंग असंल का?" तो म्हणाला, "शबनमला विचारा, कल्याणराव." आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तो नव्हता. शबनम जेवायला वाढताना सांगायची, आज अमकी गाडी आली, तिचं तमकं झालं. तो मान हलवायचा, भाकरी मोडायचा.

मागच्या हिवाळ्यात गेला. झोपेतच. फैयाज येऊन चार दिवस राहिला आणि गॅरेज बहिणीच्या नावावर करून गेला, तेवढा पोरगा चांगला निघाला.

ती पावाची गाडी अजून वर्षातून दोनदा तेल बदलायला येते. आता पडदे लावलेत, बेसिनमध्ये पाणी येतं. परवा आली हुती. शबनम खड्ड्यात उतरली, बोल्ट बघितले, पाना लावला, ब्रश घेतला. मी काठावर उभा. म्हणालो, "एकदम आईवर गेली हायेस बघ. काय सरळ रेघ!"

ती वर न बघता म्हणाली, "काका, त्या दिवशी मी वाकड्या मारायला पायजे हुत्या."

नीट मार म्हणून मीच सांगितलेलं. गिरणीत दळण आलं हुतं, मी गेलो.