अक्काच्या पायाखालचा पत्रा

१९५६ साली राज्यांची फेरमांडणी झाली, धारवाड म्हैसूर राज्यात गेले आणि इथले काही मराठी अधिकारी सामान बांधून पुण्याकडे निघाले. त्यांपैकी एकाने जाताना आपली मोटार आमच्या थोरल्या भावाला विकली. काळी, गोल बॉनेटची, विलायती. अधिकारी शहाणा होता. जे न्यायच्या लायकीचे नव्हते ते त्याने इथेच सोडले. अण्णांना मात्र वाटले की साहेबाची गाडी आली म्हणजे थोडी साहेबीही आली. ते वकील होते. वकिलीने त्यांचे नाव झाले नाही, ते गाडीने झाले. हुबळीच्या कोर्टात त्यांना 'गाडीवाले वकील' म्हणत, आणि हे कौतुक आहे असे ते समजत.

गाडीची खरी गरज अक्काला होती. अक्का आमची मधली बहीण, अण्णांहून धाकटी, माझ्याहून थोरली. हुबळीच्या एका मुलींच्या शाळेत ती गणित शिकवी. तरुणपणी बसच्या पायरीवरून पडून तिचा उजवा गुडघा मोडला आणि पुढे तो कधी वाकला नाही. न वाकणाऱ्या पायाने बस चढता येत नाही. म्हणून धारवाडहून कोर्टाला निघालेल्या अण्णांच्या शेजारी, पुढची सीट मागे सरकवून, पाय सरळ पसरून ती शाळेला जाई. मागच्या सीटवर तो पाय मावत नसे. लग्न झालेले नव्हते, राहणे अण्णांच्या घरी. नोकरी होती तोवर ती त्या घरात कुणाची आश्रित नव्हती, आणि गाडी होती तोवर नोकरी होती. उशीर आता चालणार नाही, जागेसाठी दुसऱ्या बाई तयार आहेत, असे मुख्याध्यापिकाबाईंनी तिला बजावून ठेवले होते.

मी हुबळीच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. सकाळपाळी असली की मागच्या सीटवर मी असे, त्यामुळे पुढचे बरेचसे मी पाहिलेले आहे.

सत्तरच्या सुमाराची गोष्ट. पावसाळा सरत आला होता. उणकलच्या तळ्याजवळ चाक खड्ड्यातून गेले आणि अक्काच्या लुगड्यावर खालून चिखल उडाला. तिने पायाखालचे तरट बाजूला केले.

"अण्णा, खाली रस्ता दिसतोय," ती म्हणाली.

"रस्ता खालीच असतो," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी गिअर बदलला.

दुसऱ्या दिवशी भोकावर पाट आला. जेवायला बसायचा, पितळी फुल्यांचा. पंगतीचा पाट पायाखाली कसा देतोस, असे आईने विचारले. घरात तरी तो नुसता पडूनच असतो, असे उत्तर तिला मिळाले. पाटाखालच्या दोन पट्ट्या नेमक्या कुजलेल्या पत्र्यावर टेकल्या. अक्काच्या पायाचे वजन रोज त्या दोन रेघांवर पडू लागले आणि तीन बोटांचे भोक वीतभर झाले. आपण उपाय केला आहे अशी अण्णांची खात्री होती. एरवीही त्यांचे उपाय असेच असत. त्यांच्या अशिलांना ते उशिरा कळे, आम्हाला रोज कळे.

शेवटी पाट तिरका झाला तेव्हा गाडी जुन्या हुबळीत एका मिस्त्रीकडे गेली. गल्लीत उघड्यावर तो वाहनांच्या पत्र्याची कामे करी. खुशामत हे त्याचे पहिले हत्यार, हातोडा दुसरे. त्याने खाली वाकून पेचकस टोचला. तो लोण्यात जावा तसा गेला. कापावे लागेल, सीट काढावी लागेल, गाडी आठवडाभर ठेवा, असे तो म्हणाला. आठवडाभर आपण बसने कोर्टात जायचे आणि पक्षकारांनी ते बघायचे, ही कल्पना अण्णांना सोसली नाही. कापायचे नाही, सीट काढायची नाही, संध्याकाळपर्यंत गाडी हवी, असे त्यांनी सांगितले.

"हौद्री साहेब," मिस्त्रीने कानडीत होकार दिला. "तुम्ही सांगाल तसं."

त्याला काम टाळायचे होते आणि गिऱ्हाईकच ते टाळायला सांगत होते. असे गिऱ्हाईक रोज मिळत नाही. त्याने तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, गंजावर तसाच ठेवला, चार रिबिटी मारल्या, कडांना पुट्टी थापली आणि वरून गरम डांबर ओतले. जाता जाता त्याला गाडीच्या जमिनीत रबरी बुचांची गोल भोके दिसली. आत शिरलेले पाणी निघून जावे म्हणून गाडी बनवणाऱ्यानेच ती ठेवलेली असतात. बूच काढले की पाणी जाते. तीही बुजव, असे अण्णा म्हणाले. त्यांच्या लेखी भोक ते भोक. मिस्त्रीने तीही बुजवली आणि सगळ्यावर काळा रंग फिरवला.

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या आवारात अण्णांनी दोन वकिलांना गाडीपाशी आणले, दार उघडले आणि जमीन दाखवली. त्यांनी वाकून पाहिले. छान चकाकते आहे, असे एकजण म्हणाला. दुसऱ्याने मान डोलावली. दोघांनीही त्यावर पाय ठेवून पाहिला नाही.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे जो तो आपली हत्यारे आणि वाहने धुऊन पुजतो. इतर लोक गाडी बाहेरून धूत. अण्णा आतूनही धूत. चारी दारे उघडून ते सीटच्या पुढे-मागे घागरी ओतत, पत्र्यावर हळदकुंकू, अक्षता आणि झेंडू वाहत, बॉनेटवर नारळ फोडून त्याचे पाणीही आत शिंपडत, आणि मग सगळ्यावर तरट अंथरून टाकत. देवाचे काम अर्धवट करायचे नाही, असे ते म्हणत. घराबाहेर शेजारी जमत, हे त्यांना अधिक आवडे. आजवर हे पाणी बुचांच्या भोकांतून आणि फटींतून कसेबसे निघून जात असे. त्या वर्षी त्याला वाट नव्हती. ते डांबराखाली शिरले आणि तिथेच राहिले. दिवाळीत गाडीला शेवाळलेल्या हौदाचा वास येत होता. अण्णांनी आत उदबत्ती लावली.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली आणि त्याच आठवड्यात, रेल्वे फाटकावर रूळ ओलांडताना गाडी आपटली, तसा अक्काचा उजवा पाय डब्याच्या पत्र्यासकट खाली गेला. वाकणारा पाय असता तर तिने तो वर ओढला असता. मी मागून तिला खांद्यांना धरून उचलले. पाय वर आला, बूट आला नाही. जाड टाचेचा तो बूट चांभाराने तिच्या मापाने करून दिलेला होता; मागच्या ट्रकने तो रुळांवर चेपला. मागचे भोंगे वाजवत होते म्हणून अण्णांनी फाटक ओलांडेपर्यंत गाडी थांबवली नाही. नडगी सोलून निघाली होती. अक्काने तिच्यावर रुमाल बांधला आणि एका बुटाने, माझा हात धरून, घंटा होऊन गेल्यावर वर्गात गेली. मुख्याध्यापिकाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी रुमालाकडे पाहिले नाही, घड्याळाकडे पाहिले.

संध्याकाळी घरी अण्णांनी कारण शोधून ठेवलेले होते. अक्का सगळे वजन एकाच पायावर टाकते, पत्रा तरी काय करणार. मग चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "तूही आता घरी बस की. तुझ्या नोकरीवाचून कुणाचं अडलंय?"

"माझं," अक्का म्हणाली.

पुढचे काही आठवडे पुन्हा पाट. चांभाराने नवा बूट दिला तरी अक्का तो पाय खाली टेकवत नसे; दोन्ही हातांनी मांडी धरून पाय अधांतरी ठेवी आणि शाळेपर्यंत तशीच बसे. अण्णा समोर बघून गाडी चालवत.

नाताळात कोर्ट बंद झाले आणि अण्णा कोल्हापूरला एका लग्नाला गेले. आगगाडीने; इतक्या लांब ही गाडी जाणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होते. ते स्टेशनवर गेले आणि अक्का मला म्हणाली, "चावी घे."

हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात तिने जाड पत्रा बोटांच्या पेरांनी वाजवून घेतला. तिथून आम्ही गावाबाहेरच्या एका वेल्डरकडे गेलो. चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचे आणि तोवर ती समोर बसणार, अशा तिच्या दोन अटी होत्या. स्टूल तिने मागून घेतले. वेल्डरला हे रुचले नाही. दुपारी कंटाळून तो म्हणाला, "अक्का, शाळेत मुलींवर पण अशीच नजर ठेवता काय?"

"त्या शिकायला येतात. तू चुकवायला बघतोस," अक्का म्हणाली. "कोपरा राहिलाय, तो काप."

शेजारच्या टायरवाल्याने कानडीत काहीतरी टोमणा मारला. अक्काने कानडीतच त्याला त्याचे पंक्चर बघायला सांगितले. वेल्डर हसला आणि कोपरा कापू लागला.

डांबर निघाले. डब्याचा उरलासुरला पत्रा निघाला. त्याच्याखाली जे होते ते छिन्नीने खरवडून काढावे लागले: काळे पडलेले तांदूळ, झेंडूचे देठ, नारळाच्या शेंडीचे धागे, एक सुपारी, आणि कुंकू आणि गंज यांचा असा लगदा की कुठले लाल कुठे संपते ते सांगता येऊ नये. एका वर्षीच्या पूजेवर दुसऱ्या वर्षीची पूजा, आणि वरून ओले तरट. गाडी पूजेने कुजली होती. अक्काने तो लगदा वर्तमानपत्रावर घेऊन नीट पाहिला आणि टाकून दिला.

कापता कापता भोक परातीएवढे झाले तेव्हा कुठे चांगला पत्रा लागला. वेल्डरने नवा पत्रा ठोकून आकारात आणला, चहूबाजूंनी वेल्डिंग केले, वरखाली लाल रंग दिला आणि पाणी जायची भोके पुन्हा पाडून त्यांना बुचे बसवली. अक्का सीटवर बसली आणि सरळ पायाची टाच तिने त्या पत्र्यावर दोनदा जोरात आपटली. मग चल म्हणाली.

अण्णा परतले. कुणाला विचारून केले, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. गाडी तिथे उभी असताना ओळखीच्या कुणी पाहिली का, हा दुसरा. पत्रा कसा झाला आहे, हे त्यांनी विचारलेच नाही. कोर्ट उघडल्यावर मात्र आपण उभे राहून काम करून घेतले, असे ते इतर वकिलांना सांगू लागले. सुट्टीत तुम्ही कोल्हापूरला होता ना, असे कुणी म्हटले नाही. त्या लोकांना एकमेकांच्या साक्षी तपासायची सवय नव्हती.

पुढच्या खंडेनवमीला सकाळी अण्णा सोवळे नेसून घागर घेऊन बाहेर आले तेव्हा अक्का गाडीत बसलेली होती. पुढच्या सीटवर, पाय पसरून, चष्मा लावून वर्तमानपत्र वाचत. शेजारी जमू लागले होते.

"उतर," अण्णा म्हणाले. "आत पाणी घालायचंय."

"बाहेरून घाला."

"आज वाहनाचं स्नान असतं, अक्का. देवाचं काम आहे."

अक्काने वर्तमानपत्र खाली केले. "मला याच पत्र्यावर पाय ठेवून रिटायर व्हायचंय, अण्णा. घालायचंच असलं तर माझ्यावर घाला."

शेजारच्या एका बाईने पदर तोंडाशी नेला. अण्णांनी आईकडे पाहिले. ती फुलांची परडी घेऊन उभी होती; उशीर होतोय, एवढेच ती म्हणाली. बघणारे लोक नसते तर अण्णांनी आदळआपट केली असती. लोक होते, म्हणून ते हसले, अक्का आमची पहिल्यापासून हट्टी, असे मोठ्याने म्हणाले आणि घागर बॉनेटवर ओतली. काच धुतली गेली. अक्काने आतून वायपर लावायला सांगितले नाही; ते बरीच वर्षे बंद होते.

महिन्याभराने अण्णा एका पक्षकाराला शास्त्र समजावून सांगत होते. वाहनाची पूजा बाहेरूनच करायची असते, आत पाणी घालणारे लोक अडाणी. गाडी कोर्टाच्या रस्त्याला होती, पक्षकार माझ्याशेजारी मागे बसला होता आणि मान हलवत होता. अक्का पुढे होती. तिने ते सगळे ऐकले. तिने घड्याळ पाहिले. घंटेला थोडाच वेळ उरला होता आणि गाडी वेळेवर चालली होती.