जिना उलटा चढणारं गाढव

साहेबी टोपी घातलेलं एक गाढव जिना उलटा चढतं, मागच्या पायांनी पायऱ्या चाचपत, आणि वरून उतरणारा जाडा साहेब त्याला धडकून गडगडत खाली येतो. एवढाच तो मूकपट. ना शेंडा ना बुडखा! पण कौंडण्यपूरच्या जत्रेतल्या तंबूत ते पाहताना मी पोट धरधरून हसले. पुढे नाचगाण्यांचे, रडारडीचे ढीगभर बोलपट पाहिले, पण त्या गाढवाची सर एकालाही नाही. माणसं सोंग करतात. ते बिचारं सांगितलेलं काम मन लावून करत होतं, त्याचंच तर हसू यायचं.

घरात तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं. आमचा भाजीचा मळा विहिरीच्या मोटेवर चाले. बैल उताराने खाली गेले की पाण्याने भरलेली चामड्याची मोट वर येई. ती रिकामी झाली की बैलांनी त्याच उताराने उलट पावली वर यायचं. मोटेला नवाच जुंपलेला आमचा गोऱ्हा खाली झोकात जाई, पण मागे सरायचं म्हटलं की फतकल मारून बसे. काठी झाली, शेपूट पिरगाळून झाली. शेवटी बाबांनी त्याला परतवाड्याच्या बाजारात विकायचं ठरवलं, मायला न विचारता. त्याची गाय मेली तेव्हा मायनेच बोटाने दूध चाटवून त्याला जगवलं होतं. त्या दिवसापासून ती बाबांशी बोलेना.

जत्रेहून परतताना मात्र गाडीत ती एकदम बोलली. म्हणाली, गाढव पायरीपायरीला उजवीकडे बघत होतं, तिथे नक्की कोणीतरी खाऊ घेऊन उभं असेल. बाबा म्हणाले, बघत होतं ते डावीकडे, आणि तिथे कुत्रंही नव्हतं. गाव येईस्तोवर दोघं कडाकडा भांडले. तंबूत चित्राचा पातळ पडदा मधोमध, अलीकडे पुरुष आणि पलीकडे आम्ही बाया, म्हणजे एकाला चित्र सुलट आणि दुसऱ्याला उलट दिसणारच. पण हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मला आपलं बरं वाटलं, बोलले तरी.

दुसऱ्या दिवशी मायने गोऱ्ह्याला शिकवायला बाजाराच्या दिवसापर्यंत मुदत मागितली. मोटेवर बाईचं काय काम, असं बाबा पुटपुटले, पण हो म्हणाले. ती पदरात सरकीच्या ढेपेचे तुकडे घेऊन विहिरीच्या काठाशी उभी राहायची. गोऱ्हा एक पाऊल मागे सरला की एक तुकडा. काठी तिने लपवूनच ठेवली होती. शेजारचे लोक बांधावर बसून मजा बघत. आमच्या मळ्यात फुकटचा तमाशा लागला होता म्हणा ना! मला त्यांचा असा राग यायचा! बाबा तर लाजेने वांग्यांच्या वाफ्यात जाऊन बसत. माय कोणाकडे बघायची नाही. गोऱ्ह्याशी हळू आवाजात बोलत राहायची, लेकराशी बोलावं तशी. पण बाजाराच्या आदल्या संध्याकाळपर्यंत तो निम्म्या उतारापर्यंतच आला. निम्म्या उताराने मोट भरत नाही, असं म्हणून बाबांनी विषय संपवला.

सकाळी बाबांनी त्याला गोठ्यातून सोडलं. माय बाहेर आलीच नाही. दाराकडे पाठ करून भाकरी थापत राहिली. मी तिच्याशेजारी बसले. मला रडू येत होतं.

बऱ्याच वेळाने बाबा दारात आले. बाजारात न्यायच्या आधी शेवटचं एकदा त्याला मोटेला जुंपून पाहिलं, असं त्यांनी सांगितलं. माय वळली नाही.

"पुरा वर आला तो," बाबा म्हणाले. "आता जाग्यावरून हालत नाई. विकत नाई मी त्याले. चाल मोटेवर, तुयी वाट पाहून राहिला."

तव्यावरची भाकर तशीच टाकून माय उठली.