वाट विचारणारे शेठजी

“राम राम, भाऊ. नकाणाले कोनती वाट जास?”

सायकलवर बसूनच डावा पाय जमिनीवर, हेल्मेट काढून काखेत, आणि चेहरा असा की आज सकाळीच कुठल्या तरी परमुलखातून धुळ्यात उतरलेत. आमचे शेठजी दर रविवारी हा प्रश्न विचारायचे. नकाण्याचा तलाव धुळ्यापासून हाकेच्या अंतरावर. शेठजींचं घराणं चार पिढ्या धुळ्यात. ज्या वाटेवर उभं राहून ते विचारायचे, ती वाट आम्हाला दाखवली तीही त्यांनीच. तरी विचारायचे.

मी वैतागायचे. माझं औषधाचं दुकान आहे, रविवारी अर्धा दिवस उघडं असतं, मला वेळेत परत यायचं असायचं. आमच्या सायकलवाल्यांच्या कळपात एक इंजिनियर आहे, त्याच्या हँडलला मोबाइल लावलेला, त्यात सगळा नकाशा. तो म्हणायचा, “शेठजी, हे बघा ना, सरळ आहे.” शेठजी मान डोलवायचे आणि पुढच्या माणसापाशी पुन्हा डावा पाय टेकवायचे.

“अहो, पण तुम्हाला माहीत आहे ना वाट?” मी एकदा चिडूनच विचारलं.

“माहीत आहे म्हणून काय झालं, ताई? आपण लोकांच्या दारातून चाललोय. न बोलता कसं जायचं?”

वाट सांगायला एक मिनिट लागतं आणि त्यानंतरच्या गप्पांना पंधरा. एकजण वाट सांगून झाल्यावर पेरू द्यायचा. एक बाई वाट सांगता सांगता सुनेचं गाऱ्हाणं सांगायच्या, आणि शेठजी सुनेच्या बाजूने बोलायचे. तलावावर पोचेपर्यंत ऊन चटके द्यायला लागलेलं असायचं.

शेठजींचं बारदान्याचं दुकान. पोती, सुतळी, ताडपत्री. कापूस-मक्याचा हंगाम आला की आसपासचे सगळे शेतकरी त्यांच्या ओट्यावर. घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी अहिराणी, आमच्याशी मराठी, आणि सायकलशी बोलायचे ते कोणत्या भाषेत देव जाणे. चढ आला की पुटपुटायचे. अंगाने भरलेले, त्यामुळे सायकलही बिचारी पुटपुटायची. खिशात घरच्या मठऱ्या असायच्या. त्या आम्हाला कमी आणि वाटेतल्या कुत्र्यांना जास्त मिळायच्या.

“आठवडाभर मी गादीवर बसून असतो ताई,” ते म्हणायचे. “लोक येतात, लोक जातात. रविवारी मी जातो.” हे सांगताना इतके खूश दिसायचे की माझा वैताग तेवढ्यापुरता उतरायचा.

तलावाकडे जायचे दोन रस्ते आहेत, हे तुम्ही धुळ्याचे असाल तर तुम्हाला सांगायला नको. एक साक्री रोड. पिंपळनेरकडून येणारे, सुरतेकडे जाणारे ट्रक तिथे दिवसरात्र पळत असतात. दुसरी आमची वाट. कॉलनी संपली की शेतांना पाणी नेणारी पाटचारी लागते. तिच्या कडेने गाडवाट, दोन्ही बाजूंना कापूस आणि बाभळी, मग एका म्हाताऱ्या आबांच्या वावराचा रुंद बांध, आणि बांध उतरला की समोर तलाव. हॉर्न नाही, धूर नाही. सकाळी टिटव्या ओरडतात तेवढंच.

पूर्वी शेठजी कधी कधी रोडनेही जायचे. मग एकदा एका ट्रकच्या आरशाचा खांद्याला धक्का लागला आणि ते रस्त्याकडेच्या चारीत पडले. नशीब थोर, खरचटण्यावर भागलं. पण त्यांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, त्यांना आपल्या गळ्याची शपथ घातली. हायवेवर चाक लावायचं नाही, लावलं तर सायकल भंगारात. शेठजींनी शपथ घेतली आणि पाळली. म्हणजे बघा, आबांच्या बांधावरून जाणारी ती एकच वाट त्यांना उरली. ती आहे तर सायकल आहे, ती नाही तर शेठजी पुन्हा गादीवर.

आणि तीच वाट त्यांनी स्वतःच्या हाताने घालवली, तीही भलं करायला जाऊन.

झालं असं की आमचे तलावावरचे फोटो मोबाइलवर बघून शहरातले नवे नवे लोक त्या बाजूला यायला लागले. ते वाट चुकायचे. कोणी कापसात शिरलं, कोणी पाटचारीच्या गाळात रुतलं. शेठजींना फार वाईट वाटलं. त्यांनी पत्र्याच्या पिवळ्या पाट्या करून आणल्या. वर हिरवा बाण, खाली ठसठशीत अक्षरं, ‘सायकल मार्ग, नकाणे तलाव’. एका रविवारी आम्ही सगळ्यांनी मिळून प्रत्येक फाट्यावर त्या बांधल्या. तार, पक्कड, सुतळी, सगळं शेठजींच्या दुकानातलं. शेवटची पाटी आबांच्या बांधावरच्या बाभळीला. आबा त्या दिवशी कुठल्याशा लग्नाला पारोळ्याला गेलेले. आम्ही लांब उभं राहून पाटीकडे पाहिलं, टाळ्या वाजवल्या. शेठजींनी त्या दिवशी मठऱ्या आम्हालाच दिल्या.

मग काय विचारता. पाट्यांमुळे झुंडीच्या झुंडी यायला लागल्या. रंगीत कपडे, काळे चष्मे, सुसाट. कोणी चुकत नव्हतं आणि कोणी थांबतही नव्हतं. शेठजींचीही पंचाईत झाली. आपल्याच पाटीखाली उभं राहून वाट कशी विचारायची? एकदा त्यांनी सवयीने पाय टेकवला, तर पेरूवाला म्हणाला, “शेठ, वर पाटी शे ना.” आणि तो खाली वाकून परत निंदायला लागला. शेठजींनी हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवलं. त्या दिवशी आम्ही तलावावर फार लवकर पोचलो. मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

दिवाळीनंतरच्या रविवारी बांधावर बाभळीच्या काट्यांचा ढीग आडवा टाकलेला. आबा लांब विहिरीपाशी बसलेले. आम्ही हाका मारल्या, त्यांनी मान वर केली नाही.

इंजिनियर भडकला. म्हणाला, “वहिवाटीचा रस्ता आहे, तहसीलमध्ये अर्ज देऊ, आठवड्यात काटे निघतील.” मीही हो म्हणाले. शेठजींनी हात जोडले. “अर्ज नको रे बाबा. अर्जाने काटे निघतील, म्हातारा निघेल का तिथून? त्याच्या तोंडावरून दर रविवारी कसं जायचं?”

बाकीचे साक्री रोडने तलावावर जायला लागले. शेठजींना जाता येईना. ते रविवारीही दुकान उघडून बसायला लागले. बाजार बंद, गिऱ्हाईक नाही, आणि हे सुतळीच्या गुंड्या उगाच इकडच्या तिकडे लावतायत. मी जाता-येता बघायचे. एक दिवस काकू गुडघ्याचं मलम घ्यायला माझ्याकडे आल्या आणि मलम राहिलं बाजूला, डोळ्याला पदर लावला.

“घरात बोलत नाहीत गं. जेवताना ताटाकडे बघत बसतात. मी म्हटलं, माझी शपथ सुटली, जा रोडने. तर म्हणतात, शपथ सुटली तरी ट्रक आहेतच ना. सायकल विकून टाकतो म्हणाले.”

हा माणूस मला दर रविवारी उशीर करायचा आणि मी दर रविवारी कटकट करायचे, पण त्यांच्याशिवायचे ते रविवार अगदीच अळणी झाले होते. संध्याकाळी त्यांच्या दुकानात जाऊन मी सांगितलं, “शेठजी, उद्या सकाळी आबांकडे जायचं. मी येते बरोबर.”

सकाळी दोघंच निघालो. काट्यांपाशी उतरलो, सायकली आडव्या केल्या. आबा बांधावरच होते, हातात विळा. शेठजींनी हेल्मेट काढलं, काखेत धरलं आणि विचारलं, “राम राम, आबा. नकाणाले कोनती वाट जास?”

मला वाटलं, आता हा म्हातारा विळा घेऊनच धावतो.

आबांनी त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. “माले काय इचारतस शेठ? तुमनी पाटी सांगस ना वाट.”

शेठजींनी मान वळवून बाभळीवरच्या पाटीकडे पाहिलं.

“इतला वरीस व्हयनात, तुम्ही इचारेत, मी सांगं. मी कव्हय नही म्हणं का?” आबांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली खाली जात होता. “मी लगीनले गवू, आनि तुम्ही मना झाडले पाटी लाई दिनी. माले इचारं का कोनी? आते लोके येतस, पाटीकडे दखतस, चालना जातस. मी आठे उभा शे, कोनी राम राम बी करत नही. मना वावरमा मीच परका व्हयनू.”

शेठजींचा चेहरा उतरला. मग म्हणाले, “चुकनं, आबा. मना हातथून चुकनं. पाट्या मी काढी टाकसू. तुम्ही सांगशात तव्हयच जासू, नही सांगशात ते आठेतून परत.”

आणि लगेच बाभळीपाशी जाऊन तार सोडवायला लागले. पण ती तार त्यांनीच बांधलेली, पोत्याचं तोंड आवळावं तशी. पक्कड नाही, काही नाही. बोटं सोलवटली, पाटी हलेना. आबा बघत होते. शेवटी विळा खाली ठेवून आले आणि म्हणाले, “सरक. बारदानवालाले गाठ मारता येस, सोडता येत नही.” दोघं म्हातारे त्या तारेशी झटत होते, एकमेकांना शिव्या घालत होते, आणि मी आपली काटे बाजूला ओढत होते. कोणी मला सांगितलं नव्हतं, पण आता ते ओढायचेच आहेत हे मला कळलं होतं.

त्या आठवड्यात शेठजींनी बाकीच्या पाट्याही एकट्याने काढल्या आणि आबांनाच नेऊन दिल्या. पत्रा चांगला होता. आबांनी त्याचं कोंबड्यांचं खुराडं शाकारलं. नवे लोक आता परत चुकतात, कापसात शिरतात, मग कोणाला तरी हाक मारतात. पेरूवाल्याचे पेरू पुन्हा वाटले जातात. इंजिनियर अजूनही म्हणतो की अर्ज दिला असता तर काम पक्कं झालं असतं.

शेठजींची सायकल काही विकली गेली नाही. काकू मलम न्यायला येतात तेव्हा तक्रार करतात की रविवारी हे जेवायला घरी नसतात.

गंमत म्हणजे, एवढा जीव टाकून मोकळी करून घेतलेली वाट, पण शेठजी आता तलावापर्यंत येतच नाहीत. बांधावर चढलो की ते उतरतात, सायकल बाभळीला टेकवतात आणि आबांच्या बाजेवर जाऊन बसतात. चहा होतो, भाकरी होते, ठेचा होतो. दोघांचं काय बोलणं चालतं कोणास ठाऊक. आम्ही पुढे जातो. तलावाच्या भिंतीवर आमचा फोटो निघतो, त्यात शेठजी नसतात.

“अहो, पाणी चढलंय यंदा, बघायला तरी चला,” मी परवा म्हणाले.

“तुम्ही या बघून,” ते म्हणाले. “मी पोचलो.”

परत येताना आम्ही बांधावर चढलो तर शेठजी बाजेवर उताणे झोपलेले, बूट काढून नीट खाली ठेवलेले. आबा उशाशी बसून उपरण्याने त्यांच्या तोंडावरच्या माश्या वारत होते. आम्हाला पाहिलं तसं त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

“उतरीसन जा,” ते हळूच म्हणाले. “झोपेल शे.”

आम्ही सगळे उतरलो आणि सायकली हातात धरून बांध संपेपर्यंत चालत गेलो.